अकोला : शेजारी फुल, रस्ता नाही

शेवंतीचे दोन वाफे करप्यानं गेले.

सहा किलोचं एक पार्सल जुन्या चादरीत गुंडाळून अमरावतीहून अकोल्याला एस.टी.नं गेलं. कंडक्टरनं बोट टोचून विचारलं, "कोंबडी त नाही ना यात?"

मोर्णा नदीच्या पलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात, एक घर विकलं गेलं. घेणाऱ्यानं दाराचा रंग बदलला. भिंतीतून बाहेर लोंबणारी फोनची वायर तशीच राहू दिली.

तीस सेकंदांत बाईमाणूस चपला घालतं, कुलूप लावतं, कुलूप ओढून बघतं, आणि परत एकदा ओढून बघतं.

हिरव्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही. पहिल्या पानावर ॥ श्री ॥, दुसऱ्यापासून राउटर.

चार दिवे. तीन हिरवे. चौथाही हिरवाच, आणि भानगड तिथंच.

सकाळचे साडेनऊ.

या गोष्टी एकमेकींना ओळखत नाहीत. एकीला दुसरीचं काही ऐकू येत नाही. ज्याला यांच्यामधून ये-जा करायची असेल त्यानं नांदगाव पेठवरून जावं. तिथं महेजबीन बसते.

•

महेजबीन त्रेचाळीस वर्षांची, कापसाच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळणारी. कंपनी कापूस घेते, रुई आणि सरकी वेगळी करते, रुईच्या गाठी बांधून पाठवते. मोठं ऑफिस अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत, आणि शाखा चार: अकोला, दर्यापूर, मुर्तिजापूर, अंजनगाव. प्रत्येक शाखेतून भाड्याची एक लाइन नांदगाव पेठला येते आणि इथंच संपते. अकोल्याला दर्यापूर ऐकू येत नाही, दर्यापूरला अंजनगाव ऐकू येत नाही. कोणाला कोणाला काही सांगायचं असलं तर मधल्या राउटरनं ते इकडून घ्यायचं आणि तिकडं पोचवायचं. या जुन्या पद्धतीला फ्रेम रिले म्हणतात. बाहेरच्या जगानं ती केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकली. पण कंपनीच्या शेठजींचं म्हणणं एकच असायचं: "चालते ना? मंग हात काहून लावता?"

तर हात लावायचा नाही, पण चालू ठेवायचं, हे काम महेजबीनचं.

खोलीत एसी होता. तो यंत्रांसाठी होता. महेजबीन मे महिन्यातसुद्धा अंगावर शाल घेऊन बसायची, आणि डिसेंबरात तिची बोटं कीबोर्डवर काड्यांसारखी व्हायची. ऑफिसातली माणसं तिच्याकडं यायची ती काही बंद पडलं म्हणजे. दुरुस्त झालं की सांगायला कोणी यायचं नाही, आणि त्यात कोणाची चूक नव्हती. चालू नळाजवळ कोण थांबतं? संध्याकाळी ती सहा सीटच्या ऑटोत बसून अमरावतीला परत जायची. वलगाव रोडवर भाड्याची खोली. मोझरीहून दर्शन करून आलेली माणसं ऑटोत असली की गर्दी व्हायची, आणि ते तिला आवडायचं, कारण कोणीतरी म्हणायचं, "बाई, जरा सरकता का?"

दिवसभरात तिला कोणी नावानं हाक मारली असेल तर ती सकाळी साडेनऊला.

"हॅलो, महेजबीन? हाय का वं लाइन?"

"हाय, ताई. तुमच्याकडं?"

"इकडंबी हाय."

ही मंजुषाताई. अकोला शाखेची कॉम्प्युटरची खोली तिच्याकडं. वय पंचावन्न, निवृत्तीला तीन वर्षं. नवरा किसनराव पातूर रस्त्याला दीड एकरात फुलं काढायचा आणि मंजुषाताई त्या फुलांविषयी असं बोलायची, जसं दुसऱ्या बाया शेजारणीच्या सुनांविषयी बोलतात. "शेवंतीले लई नखरे आले यंदा." "झेंडू बिचारा गरीब हाय, काही म्हणत नाही." लाइन आहे की नाही हे दहा सेकंदांत सांगून व्हायचं. उरलेली चार मिनिटं शेवंतीची.

सतरा वर्षं हे चाललं होतं. सतरा वर्षांत दोघी एकमेकींना दोनदा भेटल्या होत्या. एकदा कंपनीच्या कार्यक्रमात, जिथं दोघींनी ताटं हातात घेऊन एकमेकींना "तुम्ही अशा दिसता होय" असं म्हटलं. दुसऱ्यांदा जुन्या शहरातल्या घरी, महेजबीनची अम्मी आयशाबी गेली तेव्हा. मंजुषाताई आली, अर्धा तास चटईवर बसली, आणि जाताना महेजबीनच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन गेली.

फोन नेहमी अकोल्याहून यायचा. कारण बिघाड अकोल्याचा असायचा.

•

इथं थोडं यंत्राचं सांगावं लागेल. फार नाही.

राउटर एकमेकांना ठरावीक वेळानं हॅलो म्हणतात. खरंच त्याला हॅलोच म्हणतात. बराच वेळ हॅलो आलं नाही की समोरचा मेला असं धरून त्याचं नाव खोडतात. हॅलो नीट मिळालं की शेजारी होतात, आणि नातं पक्कं झालं की पडद्यावर त्या शेजाऱ्यासमोर 'फुल', म्हणजे पूर्ण, असं येतं. मग कोणत्या गावाला कोणता रस्ता, हे ते एकमेकांना सांगतात. या सगळ्या बोलण्याला ओएसपीएफ असं रुक्ष नाव आहे.

पण मधली तार कोणत्या तऱ्हेची समजायची, हे दोन्ही टोकांना माणसानंच सांगावं लागतं. जुनी तऱ्हा अशी: एक मुखिया निवडायचा, आणि शेजाऱ्यांची नावं हातानं लिहून द्यायची. ही नॉन-ब्रॉडकास्ट. अकोल्यासारख्या ठिकाणी, जिथं लाइट तासाला जाते आणि येते, तिथले म्हातारे राउटर या तऱ्हेत कधीकधी उठायचेच नाहीत. कोणीतरी हात धरून उठवावं लागायचं. म्हणून तर सकाळचा फोन सुरू झाला. रात्री लाइन पडली असेल तर साडेनऊला दोघी मिळून उभी करायच्या.

दुसरी तऱ्हा अशी: मुखिया कोणी नाही. मधल्या राउटरनं समजायचं की आपल्याकडून एकेकाकडं सरळ दोरी गेली आहे, आणि शाखेनं समजायचं की आपल्या दोरीला दुसरं एकच टोक आहे. मध्ये पॉइंट-टू-मल्टिपॉइंट, शाखेवर पॉइंट-टू-पॉइंट. फक्त हॅलोची वेळ जुळवून घ्यायची, कारण एकाची तीस सेकंदांची असते आणि दुसऱ्याची दहाची. मग लाइट जाऊ दे, येऊ दे, लाइन आपली आपण उठते. कोणी कोणाला फोन करायची गरज नाही.

महेजबीननं दर्यापूर, मुर्तिजापूर आणि अंजनगाव या दुसऱ्या तऱ्हेवर नेलं ते २०१५ च्या मार्चमध्ये. तीन शाखा, दोन दुपारी.

अकोला राहिलं.

अम्मीला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. अम्मी रोज सकाळी नऊला जुन्या शहरातल्या घरून मिस्ड कॉल द्यायची. एक रिंग, मग कट. म्हणजे, पोचली का? महेजबीन उलट एक रिंग द्यायची. म्हणजे, पोचली. त्या मार्चमध्ये नऊ वाजायचे आणि फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा. साडेनऊला अकोल्याहून तो वाजायचा. महेजबीननं अकोल्यासाठी लिहिलेल्या ओळी पडद्यावर आणल्या, त्यांच्याकडं बघत बसली, आणि जेवायला उठून गेली. परत आल्यावर तिनं त्या पुसून टाकल्या. अकोला जुन्याच तऱ्हेवर ठेवलं. वेगळं, एकटं, मधल्या राउटरच्या एका बाजूला.

उद्या करू, असं ती तेव्हा म्हणाली. नऊ वर्षं झाली त्याला.

•

शेजारी: दर्यापूर. नातं: फुल. रस्ते: पाच.
शेजारी: मुर्तिजापूर. नातं: फुल. रस्ते: चार.
शेजारी: अंजनगाव. नातं: फुल. रस्ते: पाच.
शेजारी: अकोला. नातं: फुल. रस्ते:

•

बुधवार. सोमवारी अकोल्याचा राउटर जळाला होता. महेजबीननं गोदामातला त्यातल्या त्यात बरा राउटर काढला, चादरीत गुंडाळला आणि एस.टी.नं पाठवला. मंगळवारी मंजुषाताईनं तो बसवला.

दरम्यान नागपूरहून नितेश आला होता. नवं नेटवर्क टाकणाऱ्या ठेकेदाराचा माणूस, तिशीचा, गळ्यात इयरफोन, बोलणं गोड. त्यानं महेजबीनला सरळ सांगितलं होतं.

"मॅडम, शेठजींचं असं ठरलं. तुमचं जुनं आहे तोवर चालू द्यायचं. पण अकोला नेहमी रडतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपासून शनिवारी सकाळी नऊपर्यंत, कोणी हात न लावता, अकोला चालू राहिलं पाहिजे. राहिलं तर ठीक. नाही राहिलं तर सोमवारी अकोला आमच्या डब्यावर."

"आणि तिथली खोली?"

"खोली बंद. आमच्या डब्याला माणूस लागत नाही."

"माणूस नाही तिथं," महेजबीन म्हणाली. "मंजुषाताई आहे."

"तेच म्हणतो मी," नितेश म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याच्या कागदावर ती ओळ आधीच छापलेली होती.

साडेनऊला फोन वाजला.

"हॅलो, महेजबीन? हाय का वं लाइन?"

"दिवा तर हिरवा आहे, ताई. तुमच्याकडं काय दाखवते?"

"फुल दाखवून राहिलं."

"माझ्याकडंही फुल."

"मंग गाठी काहून पोचून नाही राहिल्या? कालपासून एकशेचाळीस गाठींचे नंबर टाकले मी. तुमचा काटेवाला म्हणते एकबी नाही आली. मले म्हणे, बाई, झोपेत टाकले का?"

"रस्ते बघा बरं."

कीबोर्डचा आवाज आला. मग शेवटच्या बटणाचा, जरा जोरात. मंजुषाताई शेवटचं बटण नेहमी माशी मारल्यासारखं दाबायची.

"एक नाही वं. अकोल्याचं सारं अकोल्यातच हाय."

महेजबीननं शाल खांद्यावर ओढली. "ताई, नवीन राउटरवर तार कोणती लिहिली तुमी?"

"पॉइंट-टू-पॉइंट."

महेजबीननं आपल्याकडची अकोल्याची ओळ पडद्यावर आणली.

"आन पयले त तू शेजारी म्हून दिसतच नव्हती," मंजुषाताई सांगू लागली. "मंग पाह्यलं, तुहा हॅलो तीस सेकंदांनी येते आन माहा दहाले जाऊन राह्यला. मी माहा तीसचा केला. तुह्या वेळेवर आणला. मंग झालं फुल."

"पॉइंट-टू-पॉइंट कुठून काढलं तुमी?"

"वहीत होतं माह्या. काहून? चुकलं का?"

चुकलं नव्हतं. मंजुषाताईनं नव्या तऱ्हेचं आपल्याकडचं अर्धं अगदी बरोबर लिहिलं होतं, हॅलोच्या वेळेसकट. दुसरं अर्धं महेजबीनकडं होतं, आणि ते जुनं होतं. अकोला म्हणत होतं, आपली दोघींचीच सरळ दोरी. नांदगाव पेठ म्हणत होतं, मुखिया मी, इथं सभा भरली आहे. हॅलो वेळेवर जात होतं, वेळेवर येत होतं, म्हणून दोघी एकमेकींना फुल म्हणत होत्या. पण दोघींनी काढलेला नकाशा एकमेकींशी जुळत नव्हता, म्हणून एकही रस्ता यादीत चढत नव्हता. ज्याला हे माहीत नाही तो हिरव्या दिव्याकडं बघत आठवडा घालवेल.

महेजबीनला माहीत होतं. तिच्याकडची एक ओळ बदलली की झालं.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "मी बघते. उद्या सांगते."

"बरं. आन आयक, शेवंतीचे दोन वाफे गेले. करपा. किसनराव काल जेवले नाहीत."

•

त्या दिवशी महेजबीननं जेवणाचा डबा उघडला नाही. तिनं हिशोब केला तो असा: दोन्ही टोकं जुनी केली तरी जुळतात. जुनं जुन्याशी जुळतं, नवं नव्याशी. मंजुषाताईला परत जुनं करायला सांगितलं तर गाठी येतील, नितेश बघेल की आल्या, आणि सोमवारी साडेनऊला फोन वाजेल, कारण जुन्या लाइनला सकाळी विचारावंच लागतं. एका रात्रीचा प्रश्न. एखादी रात्र लाइट जात नाही सुद्धा.

अकोल्यात.

याचं तिचं तिलाच हसू आलं. तरी गुरुवारी साडेनऊला ती म्हणाली, "ताई, तार जुनी करा. नॉन-ब्रॉडकास्ट. आणि माझा नंबर हातानं लिहा."

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"जुनी?"

"हाव."

"तुह्या मनानं होऊ दे," मंजुषाताई म्हणाली, आणि माशी मारल्याचा आवाज आला.

पाच मिनिटांत एकशेचाळीस गाठी नांदगाव पेठला येऊन पडल्या. काटेवाला खोलीच्या दारापर्यंत आला, आत डोकावून म्हणाला, "आल्या बरं का," आणि गेला. महेजबीनला हे इतकं अनपेक्षित होतं की ती "बरं" म्हणाली तोवर तो दिसेनासा झाला होता.

संध्याकाळी सहा चाळीसला अकोल्याची लाइट गेली. सातला आली. महेजबीन घरी जायची थांबून पडद्यासमोर उभीच होती. शेजाऱ्यांच्या यादीत अकोल्याच्या नावासमोर 'प्रयत्न चालू' अशा अर्थाचा शब्द आला आणि तिथंच बसला. सात पाच. सात दहा.

फोन वाजला.

"महेजबीन, तू हायस का अजून? लाइट आली, पण हे काही उठून नाही राह्यलं वं. मी निंगालीच होती. खाली किसनराव गाडीवर बसून हॉर्न वाजवून राह्यले."

खरंच हॉर्न ऐकू येत होता. दोन छोटे, एक लांब. महेजबीननं सतरा वर्षांत पहिल्यांदा किसनरावाला ऐकलं.

"बंद करून चालू करा, ताई."

"केलं. दोनदा केलं. थांब, आता तुहा नंबर पुसून परत लिहितो." हॉर्न. "अहो, येतो ना! माणसाले काही धीर हाय का नाही? ... हां, लिहिला. पाह्य."

सात चोवीसला लाइन उठली. हातानं.

"उद्या राती असं झालं त?" मंजुषाताईनं विचारलं. तिच्या आवाजात काही तक्रार नव्हती, ती नुसती विचारत होती. "उद्या मी नसन ना इथं. हात लावाचा नाही म्हणते तो नागपूरवाला."

"हाव," महेजबीन म्हणाली.

"जाय घरी. लई उशीर झाला तुले."

परतीच्या ऑटोत त्या दिवशी जागाच जागा होती. कोणाला सरकावं लागलं नाही.

•

शुक्रवार, साडेनऊ.

"हॅलो, महेजबीन? हाय का वं लाइन?"

"हाय. ताई, काल माझं चुकलं. तुमचंच बरोबर होतं. परत पॉइंट-टू-पॉइंट करा. हॅलो तीस."

"बरं." माशी. "झालं. तुह्याकडं?"

महेजबीनची ओळ लिहून तयार होती. पॉइंट-टू-मल्टिपॉइंट. शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं. तिनं बोट त्यावर ठेवलं आणि उचललं.

"शेवंतीचं काय झालं?" तिनं विचारलं.

"काय व्हाचं? उपटली. तिथं आता गुलाब लावाचा म्हणतात. मी म्हटलं, गुलाबाले कोण पाह्यन? काटे मले टोचतात, फुलं तुमी तोडता."

"मग?"

"मंग काय, लावतीन. आयकतात कोणाचं."

महेजबीननं अजून विचारलं. गुलाब कुठून आणणार, पाणी पुरेल का, बाजारात सकाळी कोण घेऊन जातं. मोर्णेवरचा पूल ओलांडून जुन्या शहरात फुलं अजून जातात का? जातात, मंजुषाताई म्हणाली, तुह्या गल्लीतबी जातात, तुह्या घराचं दार आता निळं हाय. घर विकल्यापासून महेजबीन तिकडं गेली नव्हती, तिला हे माहीत नव्हतं. कसलं निळं? आभाळी नाही, जरा गडद, औषधाच्या बाटलीवाणी. चार मिनिटांची सतरा झाली. पलीकडूनही कोणी म्हटलं नाही की ठेवते आता.

मग बोलण्यात एक जागा रिकामी आली, आणि महेजबीननं बटण दाबलं.

अकोला यादीतून गेलं. शेजारी तीन राहिले. तिनं सेकंद मोजले. मग अकोला परत आलं, फुल झालं, आणि त्याच्यासमोर एकाखाली एक सहा रस्ते चढले. सहाही नीट, जसे दर्यापूरचे पाच.

"आलं वं!" मंजुषाताई ओरडली. "मले तुमचं सारं दिसून राह्यलं! दर्यापूरबी दिसून राह्यलं!"

"हाव. माझ्यावरून."

"तुह्यावरूनच ना बापा, नाही त कसं?" ती हसली. मग म्हणाली, "म्हंजे आता लाइट गेली त हे आपलं आपण उठन?"

"उठेल."

"कोणाले पाहावं लागणार नाही?"

"नाही, ताई."

"मंग बरं झालं," मंजुषाताई म्हणाली. आणि जरा वेळानं, "ठेवू?"

"ठेवा."

•

पाच वाजता नितेश खोलीत येऊन बसला, लॅपटॉप मांडीवर. अकोल्याहून मंजुषाताईचा फोन आला, कुलूप लावते आहे हे सांगायला. नितेशनं फोन स्पीकरवर टाकायला लावला. त्यानं मधल्या राउटरची सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. वाचताना तो शीळ घालायचा.

"मॅडम, मस्त केलंय." शीळ थांबली. "पण हे बाकीच्या तिघांना तुम्ही २०१५ लाच केलेलं दिसतं. तारीख आहे इथं. अकोल्याला तेव्हाच का नाही केलं? एकच ओळ होती. इतकी वर्षं उगाच रडवलं ना त्याला?"

स्पीकरमधून अकोल्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

महेजबीननं तोंड उघडलं. तिच्याकडं सांगण्यासारखी तीन कारणं होती आणि तिन्ही खोटी होती.

"अकोल्याचा राउटर लई जुना होता, साहेब," स्पीकरमधून मंजुषाताई म्हणाली. "त्याले झेपलं नसतं म्हून ठेवलं असन तिनं."

"तसं काही नसतं, ताई. कितीही जुना असला तरी..."

"असन," मंजुषाताई म्हणाली. "मी कुलूप लावून राह्यली." आणि फोन बंद झाला.

•

शनिवार. नऊ वाजता नितेशचा निरोप आला: अकोला रात्रीतून दोनदा गेलं, दोनदा आपोआप आलं. शेठजींना कळवलं. अकोल्याची खोली राहते आहे. शेवटी उभ्या अंगठ्याचं चित्र.

महेजबीननं तो निरोप उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. मंजुषाताईची तीन वर्षं पक्की झाली. हे तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, एसीनं ऐकलं.

साडेनऊ वाजले.

पडद्यावर अकोल्यासमोर एक आकडा खाली खाली यायचा आणि हॅलो आलं की परत वर चढायचा. हॅलो दर तीस सेकंदांनी येत होतं. चुकत नव्हतं.

नऊ पस्तीस. हिशेबनिसांचा प्रिंटर अडकला म्हणून बोलावणं आलं. ती गेली, कागद ओढून काढला, आली. फोन होता तिथंच होता. नऊ पंचेचाळीस. आता अकोल्याहून फोन यायला काही कारण नव्हतं. ते तिनंच काल सतराव्या मिनिटाला बटण दाबून काढून टाकलं होतं. आणि वर मंजुषाताईनं नितेशचं बोलणं ऐकलंही होतं, तारखेसकट. नऊ वर्षं ही बाई लाइट गेली की कुलूप उघडून परत आत गेली होती. खाली हॉर्न वाजत होता तरी. ते कशासाठी, हे काल ताईला कळलं होतं. तिला राग आला असेल. किंवा राग नसेल, आणि नुसतं काम संपलं असेल. दोन्हींत फोन वाजत नाही.

नऊ बावन्नला महेजबीननं फोन उचलला. आलेल्या-गेलेल्या फोनांची यादी उघडली. मंजुषाताई अकोला, मंजुषाताई अकोला, मंजुषाताई अकोला. सगळे बाण आत येणारे. बाहेर जाणारा एकही नव्हता. अंगठा वर सरकवत ती दोन वर्षं मागं गेली, तरी नव्हता.

काय विचारायचं? लाइन आहे का, हे विचारता येणार नव्हतं. लाइन समोर दिसत होती, फुल, सहा रस्ते. गुलाबाचं विचारावं, असं तिनं ठरवलं. मग ठरवलं की आधी २०१५ चं सांगावं. मग तिनं काही न ठरवता नाव दाबलं.

रिंग जाऊ लागली. एक. दोन. पलीकडं खोलीत कोणी असेल तर पहिल्या दोन रिंगांत उचलायला हवं. तीन. चार. तिनं शाल काढून खुर्चीवर टाकली. पाच.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मंजुषाला वजनकाट्याच्या कामासाठी दोन दिवस दर्यापूरला पाठवलं होतं; तिथं तिनं राउटरची सगळी यादी, २०१५ च्या तारखेसकट, हिरव्या वहीत उतरवून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला नांदगाव पेठला फोन करून विचारलं, लाइन आहे का.